बोर्डिंगची चूल

धुळे-सोलापूर महामार्गाने दक्षिणेकडे जाताना शहागडला गोदावरी ओलांडायच्या आधी वडीगोद्री लागते. मराठवाड्यातल्या अंबड तालुक्यातले गाव. भोवती कापूस, ऊस, मोसंबी. २०२४ च्या जूनमध्ये लक्ष्मण हाके आणि नवनाथ वाघमारे इथे ओबीसी आरक्षण राखण्यासाठी उपोषणाला बसले आणि हे नाव महाराष्ट्राच्या तोंडी झाले. त्याआधीच्या ऑगस्टमध्ये शेजारच्या अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणासाठी मनोज जरांगे बसले होते. दोन मांडव, दोन मागण्या. पण आरक्षणाची जागा मिळाल्यानंतरचा प्रश्न दोन्हीकडच्या आईबापांना सारखाच पडतो: पोरगं शहरात राहील कुठं आणि जेवेल काय? कधीकाळी याचे उत्तर वार लावून जेवणे हे होते. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. ते उत्तर अर्थात ज्याला त्या घरांच्या पंक्तीत पाट मिळे त्याच्यापुरतेच. पाट न मिळणाऱ्यांसाठी जे उत्तर घडले त्याला आपण बोर्डिंग म्हणतो, आणि दारावरच्या पाटीवर जात दिसली की नाक मुरडतो. माझे म्हणणे असे की बोर्डिंगची पारख पाटीवरून करू नये. ती चुलीपाशी करावी.

विद्यार्थ्यांनी आपली म्हणून वास्तू राखणे ही गोष्ट जगात इतरत्रही आहे. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठातल्या काय साय या विद्यार्थी-मंडळाने १८४० च्या दशकात रानात लाकडाच्या ओंडक्यांची खोपी उभारली. अशा मंडळाची ती पहिली वास्तू मानतात. विद्यापीठाला गुप्त मंडळे खपत नव्हती, म्हणून ही पोरे रानात जमू लागली. त्यांना वर्गात बाक होता, हवा होता तो आडोसा. पण १९०६ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात काळ्या विद्यार्थ्यांनी अल्फा फाय अल्फा स्थापन केली, तिची गोष्ट निराळी. सगळ्यांच्या म्हणवणाऱ्या दारातून ज्यांना आत घेतले जात नव्हते, त्यांनी आपले दार बसवले. दोन्ही मंडळांची नावे ग्रीक अक्षरांची, दोन्हीकडे बाहेरच्याला मज्जाव. तरी एकाच तराजूत दोन्ही तोलणे म्हणजे वाड्याची भिंत आणि पावसातली ताडपत्री सारखीच समजणे.

त्याच १९०६ मध्ये कोल्हापुरात मुस्लिम बोर्डिंग निघाले आणि त्याच्या संस्थेचे अध्यक्षपद खुद्द शाहू महाराजांनी घेतले. पण कोल्हापूरची सुरुवात जातवार बोर्डिंगांनी झालेली नाही, हे आक्षेप घेणारे सहसा विसरतात. १८९६ मध्ये महाराजांनी राजाराम कॉलेजसाठी सर्व जातींचे एकच वसतिगृह काढले होते. कारभार ब्राह्मण व्यवस्थापकांच्या हाती राहिला आणि ते हळूहळू ब्राह्मण मुलांपुरतेच उरले. नियम कुठेही बदलला नव्हता. बदल झाला असेल तर तो पंगतीत, पाण्याच्या हंड्याशी, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर. जिथे जात कागदावर न येता पाळता येते. हा अनुभव घेतल्यावर १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग उभे राहिले, त्याच वर्षी जैन, पुढे लिंगायत, आणि १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क. मग दैवज्ञ, नामदेव शिंपी, सारस्वत, कायस्थ प्रभू, नाभिक अशी रांगच लागली. जागा आणि अनुदान दरबारचे, चालवणे समाजाचे. चुलीचा हक्क आधी देऊन टाकला की मुलगा निदान उपाशी परत जात नाही, इतका हा साधा हिशेब होता. दसरा चौकात आजही यांतल्या काही वास्तू एकमेकींच्या शेजारी उभ्या आहेत.

यावर खरा वजनदार आक्षेप एकच, आणि तो कोल्हापुरातच सापडतो. पुढे कर्मवीर म्हणून ओळखले गेलेले भाऊराव पाटील शिकताना जैन बोर्डिंगात राहत. मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला ते गेले, परतल्यावर विटाळाची आंघोळ करायला त्यांनी नकार दिला आणि त्यांना बोर्डिंग सोडावे लागले, असे त्यांच्या चरित्रांत सांगितले जाते. म्हणजे निवारा म्हणून बांधलेले घर काही वर्षांत सोवळ्याची वेस झाले. हे नाकारण्यात अर्थ नाही. पण भाऊरावांनी त्यातून काय घेतले? त्यांनी बोर्डिंगाची कल्पना टाकून दिली नाही. १९२४ मध्ये साताऱ्यात त्यांनी वसतिगृह सुरू केले ते सगळ्या जातींचे, एका चुलीचे. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला नाव मिळाले तेही छत्रपती शाहूंचेच. घरातले धान्य संपले तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी या मुलांसाठी मंगळसूत्र मोडले. १८९६ मध्ये जे कोल्हापुरात साधले नाही ते साताऱ्यात का साधले? उद्देश तर दोन्हीकडे तोच होता. फरक एवढाच की साताऱ्यात मुले स्वतः भाकरी थापत, आणि चुलीपाशी उभा असलेला माणूस एकदा स्वतः पंगतीतून उठवला गेलेला होता.

मराठवाड्याला हे सारे उशिरा मिळाले. निजामाच्या राज्यात अंबडच्या मुलाला पदवीसाठी हैदराबाद गाठावे लागे, आणि तिथे उस्मानियाची भाषा उर्दू. १९५० मध्ये डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत, म्हणजे आजच्या संभाजीनगरात, कॉलेज काढले, तेच पुढचे मिलिंद. नागसेनवनात त्याच्या जोडीने वसतिगृहेही आली. आता सरकार मुलाच्या बँक खात्यात थेट पैसे टाकते: अनुसूचित जातींसाठी स्वाधार, आदिवासींसाठी स्वयम्, मराठ्यांसह अल्पभूधारकांच्या आणि मजुरांच्या मुलांसाठी पंजाबराव देशमुखांच्या नावाचा निर्वाह भत्ता, ओबीसींसाठी सावित्रीबाईंच्या नावाची आधार योजना. खात्यात आलेले पैसे कोणाच्या पंक्तीला बसायला लावत नाहीत, ही मोठी मोकळीक आहे. तिला कमी लेखू नये. पण गंमत पाहा, पाट्या बहुतेक शाबूत राहिल्या आणि गेली ती चूल. सोवळे पाळायला जागा उरली नाही, तशी ते भाऊरावांसारखे मोडायलाही उरली नाही. २०२१ मध्ये ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी आखलेली संत भगवानबाबा वसतिगृहे मला म्हणूनच वेगळी वाटतात. तिथे प्रवेशाला विचारतात ते आईबापाच्या हातातल्या कोयत्याबद्दल.

बाकीच्यांची रीत ठरलेली आहे. वडीगोद्रीच्या फाट्यावर एसटी थांबते, पोरगं संभाजीनगरला उतरतं, खोली शोधतं, घरमालक आधी आडनाव विचारतो आणि मग भाडं सांगतो. संध्याकाळी मेसचा डबा येतो. दोन मांडवांतून आलेल्या दोन पोरांचे डबे एकाच खानावळीतून निघतात, एकाच सायकलवर टांगलेले, आणि दोन वेगवेगळ्या खोल्यांच्या दाराशी उतरतात.