नोराचे 'अहो'

गेले दीड वर्ष मी दर शनिवारी दुपारी अडीच वाजता नॉर्वेजियन शिकायला बसते. ओस्लोत त्या वेळी हिवाळ्यात सकाळचे दहा वाजलेले असतात, उन्हाळ्यात अकरा. पडद्यापलीकडची माझी शिक्षिका सव्वीस वर्षांची आहे, मी सेहेचाळीस. ती मला पहिल्या नावाने हाक मारते आणि मीही तिला तसेच म्हणावे अशी तिची अपेक्षा आहे. पहिल्या महिन्यात हे मला जमले नाही. मी तिला कोणत्याच नावाने हाक न मारता वेळ निभावून नेली.

मराठीच्या प्राध्यापिकेला हे कशासाठी, हा प्रश्न स्टाफरूममध्ये सर्वांनी विचारून झाला आहे. एम.ए.च्या वर्गाला नाटक शिकवताना मी दरवर्षी सांगत आले, की 'नाट्यमन्वंतर'ने १९३३ साली रंगभूमीवर आणलेले श्री. वि. वर्तकांचे 'आंधळ्यांची शाळा' हे ब्यॉर्नसन या नॉर्वेजियन नाटककाराच्या नाटकावरून घेतले आहे. की रांगणेकरांच्या 'कुलवधू'वर (१९४२) इब्सेनच्या 'डॉल्स हाउस'ची छाया आहे. की आपली आधुनिक रंगभूमी नॉर्वेची ऋणी आहे. या ऋणाची रक्कम मी कधी मोजली नव्हती. ब्यॉर्नसनच्या नाटकाचे मूळ नाव 'हातमोजा' या अर्थाचे आहे हे मला ठाऊक होते, पण त्या भाषेतला एक शब्द येत नव्हता. 'प्रभाव' हा शब्द वर्गात इतक्या सहजपणे उच्चारताना कधीतरी लाज वाटू लागली, एवढेच कारण. मग ओस्लो विद्यापीठात जाऊन ही नाटके मुळातून अभ्यासावीत असे ठरवले. तिथे नॉर्वेजियन माध्यमातून शिकायचे तर साधारण बी-टू पातळीपर्यंतची भाषा यावी लागते. म्हणून हा खटाटोप.

सुरुवातीलाच कळले, की आपण एक भाषा शिकायला निघालो असलो तरी समोर दोन लिखित रूपे उभी आहेत. डेन्मार्कशी असलेले चार शतकांचे बंधन १८१४ मध्ये सुटले, पण लिहायची भाषा डॅनिशच राहिली. तिचेच हळूहळू नॉर्वेजियन झालेले रूप म्हणजे बूकमोल. ईव्हार ओसेन या शेतकऱ्याच्या मुलाने एकोणिसाव्या शतकात गावोगाव हिंडून बोली गोळा केल्या आणि त्यांतून दुसरी लिखित भाषा उभी केली, ती नीनॉर्श्क. १८८५ मध्ये त्यांच्या संसदेने दोहोंना समान दर्जा दिला. २०२३ चे नोबेल मिळवणारे युन फॉसे नीनॉर्श्कमध्ये लिहितात. बोलताना तर जो तो आपापल्या बोलीत बोलतो, प्राध्यापकसुद्धा. शाळेत शिकवणे शक्यतो मुलांच्या बोलीत असावे असा ठराव त्यांनी १८७८ मध्ये केला होता. हे वाचले त्या आठवड्यात मी एका विद्यार्थ्याला तोंडी परीक्षेत त्याच्या अहिराणी उच्चारांवरून टोकले होते. माझे स्वतःचे बालपण धुळ्याचे. असो.

एक गंमत सांगितल्यावाचून राहवत नाही. नॉर्वेजियन माणूस पूर्वी एकवीसला 'एक आणि वीस' म्हणे, म्हणजे आपल्यासारखेच. १९५१ मध्ये टेलिफोन खात्याच्या सोयीसाठी सरकारने क्रम उलटवला आणि 'वीस-एक' म्हणायला सांगितले. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस एक' आले तेव्हा आपल्याकडे केवढा गदारोळ झाला होता! मीही तावातावाने बोलले होते. नॉर्वेत म्हातारी माणसे अजूनही जुन्या पद्धतीने मोजताना ऐकू येतात, असे माझी शिक्षिका सांगते; तिची आजी त्यांतलीच.

पण मी अडकले ती सर्वनामांत. नॉर्वेजियनमध्ये 'तू'साठी 'दू' आहे आणि आदरार्थी 'दी' होते. होते म्हणायचे, कारण विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ते जवळजवळ लुप्त झाले. आज विद्यार्थी प्राध्यापकाला 'दू' म्हणतो, रुग्ण डॉक्टरला 'दू' म्हणतो. विद्यापीठात चौकशीचे पत्र कसे लिहावे याचा सराव म्हणून मी एक मसुदा केला आणि सवयीने 'दी' वापरून नम्रपणे लिहिला. शिक्षिका हसली. म्हणाली, पत्र छान आहे, पण वाचणाऱ्याला वाटेल की आपण काहीतरी गुन्हा केला आहे. मी 'दी' खोडून 'दू' केले आणि हात थरथरला म्हटले तर अतिशयोक्ती होईल, पण ते पत्र मी पुन्हा मोठ्याने वाचले नाही.

इब्सेनच्या काळी मात्र हा भेद जिवंत होता. 'डॉल्स हाउस' (१८७९) मुळातून वाचू लागले तेव्हा दुसऱ्या अंकात थबकले. क्रोगस्टाडला नोकरीवरून काढायचे कारण हेल्मर नोराला सांगतो, ते असे की तरुणपणीच्या ओळखीमुळे तो चारचौघांत आपल्याला 'दू' म्हणतो. इंग्रजी अनुवादांत इथे पहिल्या नावाने हाक मारण्याविषयी काहीतरी येते आणि एवढ्या क्षुल्लक गोष्टीवरून हेल्मर का चिडतो हे नीट उमगत नाही. मी वर्गात ते त्याच्या क्षुद्रपणाचे उदाहरण म्हणून सांगून पुढे जात असे. क्षुद्रपणा आहेच. पण 'तो मला बँकेत सगळ्यांसमोर अरे-तुरे करतो' असे मराठीत म्हणा, की एका क्षणात हेल्मर आपल्या ओळखीचा होतो. आमच्या महाविद्यालयात असे दोन हेल्मर आहेत. इंग्रजीच्या वाटेने गेल्यामुळे आपण आपल्याच घरात असलेली वस्तू बाहेर शोधत राहिलो.

मला वाटले, म्हणजे मराठीत हे नाटक इंग्रजीपेक्षा सोपे जाईल. तसे नाही. नोरा आणि हेल्मर एकमेकांना 'दू' म्हणतात. तो तिला चिमणीपाखरू समजतो, पैसे मोजून देतो, बदाम-साखरेची मिठाई खाल्लीस का म्हणून दटावतो, तरी सर्वनाम दोघांचे एकच. १८७९ सालच्या मराठी नोराला ते शक्य नव्हते. ती 'अहो' म्हणणार. मी स्वतः नवऱ्याला घरात 'अरे' म्हणते आणि सासरी गेले की 'अहो'. गाडी गावाच्या फाट्यावर वळली की हा बदल आपोआप होतो. माझ्या मुलीने ते पकडून दिले तेव्हा मला कळले.

शेवटच्या प्रवेशात नोरा त्याला समोर बसवून बोलते आणि अखेरीस, आता तू मला परका आहेस, परक्याकडून मी काही घेत नाही, अशा आशयाचे सांगते. सांगताना मात्र 'दू'च म्हणते. परक्याला म्हणायचे 'दी' ती वापरत नाही. आता हे मराठीत आणायचे कसे? आपल्याकडे नवऱ्याला 'तुम्ही' आणि रस्त्यावरच्या परक्यालाही 'तुम्ही'. नवरा परका झाला याची नोंद करायला सर्वनामात जागाच उरलेली नाही. की तिने त्या टेबलाशी बसता क्षणी 'अहो' टाकून 'अरे' म्हणावे? मग तो समतेचा उद्गार होईल की नुसता अपमान? हे मी कित्येक शनिवार डोक्यात घेऊन हिंडते आहे.

ओस्लोचे मात्र लांबले आहे. तिथल्या सरकारी विद्यापीठांत पूर्वी कोणालाच शिक्षणशुल्क नसे. २०२३ च्या शरद सत्रापासून युरोपबाहेरून येणाऱ्या विद्यार्थ्यांना ते सुरू झाले. आकडा पाहिला आणि मुलीच्या बारावीनंतरच्या खर्चाशेजारी ठेवून पाहिला. शिकवणी मात्र सोडली नाही.

गेल्या महिन्यात तो प्रवेश मी एम.ए.च्या वर्गाला इंग्रजीतून दिला, सर्वनामांची अडचण फळ्यावर समजावली आणि मराठी करून आणा म्हटले. बहुतेकांनी 'अहो' शेवटपर्यंत ठेवले. दोघींनी मध्येच 'तू' केले. नेमके कुठे करायचे यावर त्यांचे भांडण झाले. नंदुरबारकडच्या एका विवाहित विद्यार्थिनीच्या कागदावर मात्र पूर्ण प्रवेशात नोराच्या तोंडी ना 'तू' होते, ना 'तुम्ही', ना हाक. मी विचारले तर म्हणाली, "मॅडम, माझी आई बाबांना कधीच काही म्हणत नाही. 'जेवायला वाढलंय', 'किल्ल्या खुंटीला आहेत', असं बोलते. ती घर सोडून गेली तरी असंच बोलून जाईल."

शनिवारी हे मी शिक्षिकेला सांगायला घेतले. दोन वाक्यांतच अडखळले, कारण तिच्या भाषेत कर्ता गाळून वाक्य उभे करता येईना. तिने थांबून वाट पाहिली आणि म्हणाली, सावकाश, पुन्हा सुरुवात कर.