'रेंज नाही' या वाक्याची चिकित्सा

मराठीत फोन 'लागतो'. भूक लागते, ठेच लागते, नजर लागते, तसाच फोनही लागतो. आणि या सगळ्या प्रयोगांत लागणे न लागणे माणसाच्या हाती नसते. बॅटरी 'उतरते', ती ताप उतरावा किंवा विष उतरावे तशी. रेंज विजेसारखी 'येते' आणि 'जाते'. हे शब्दप्रयोग कोणत्याही परिभाषा समितीने घडवलेले नाहीत. लोकांनी ते आपल्या घरातून उचलले आणि नव्या यंत्राला लावले. या भाषिक चातुर्याचे आम्हांला कौतुक आहेच. परंतु दैवाची क्रियापदे वापरता वापरता यंत्राचा बिघाडही आपण दैवाच्या खात्यावर मांडू लागलो, किंवा मग सरळ तक्रार करणाऱ्याच्या खात्यावर.

या दुसऱ्या खात्याचा परिचय आम्हांला व्यवसायामुळे झाला. आमचे महाविद्यालय सह्याद्रीच्या कुशीतल्या एका तालुक्याच्या गावी आहे. २०२० साली टाळेबंदी आली, वर्ग पडद्यावर भरू लागले, आणि 'सर, रेंज नव्हती' हे वाक्य रोजचे झाले. प्राध्यापक-कक्षात त्याचा अर्थ 'अभ्यास टाळला' असा लावण्याची रीत पडली; पूर्वी 'एस.टी. चुकली' या वाक्याचा लावला जाई, तसाच. आता मराठीत एम.ए. करणाऱ्याला पाठचिकित्सेशी थोडीफार झटापट करावी लागते. हस्तलिखितातील एखादी ओळ अर्थहीन वाटली, तर संपादकाने प्रथम विचारायचे असते, की हा दोष कवीचा, नकलकाराचा, की कसरीचा? तिघांचे दोष कागदावर सारखेच दिसतात; उपाय मात्र तीन निराळे. 'रेंज नाही' हे वाक्यही अशाच चिकित्सेला पात्र आहे, असे आम्हांला वाटत होते.

महाविद्यालये पुन्हा उघडल्यावर राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या निवासी शिबिरात ती संधी मिळाली. गाव दरीतले, तिन्ही बाजूंनी डोंगर. समाजमंदिरात एक टेबल मांडले, दोन विद्यार्थी बसवले, आणि ज्याचा फोन नीट चालत नाही त्याने तो घेऊन यावे, अशी दवंडी दिली. दुपारपर्यंत रांग लागली.

पद्धत साधी ठेवली होती: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. न्यायशास्त्रात याला अन्वय-व्यतिरेक म्हणतात. फोन लागत नसेल, तर त्यातले सिम दुसऱ्याच्या चालत्या फोनमध्ये घालून पाहायचे, आणि त्याचे चालते सिम या फोनमध्ये. दोन अदलाबदलींत दोष फोनमध्ये की सिममध्ये हे कळते. दोन्ही निर्दोष ठरले तर तो त्यांच्या बाहेर आहे हेही कळते. एरोप्लेन मोड क्षणभर चालू करून बंद केला, की फोन जुन्या टॉवरचा हट्ट सोडून नव्याने शोध घेतो. काहींचे काम तेवढ्याने झाले. काहींना नेटवर्क सेटिंग्ज रीसेट करून द्यावी लागली. तिच्याने वायफायचे पासवर्ड पुसले जातात, फोटो जात नाहीत, हे आधी समजावून सांगावे लागे; कारण फोटोंत नातवंडे असतात.

चार्जिंगच्या तक्रारींतही तोच क्रम: आधी पिन लावण्याचा बोर्ड, मग अडॅप्टर, मग वायर, आणि शेवटी फोनचे भोक. आश्चर्य वाटेल, पण शेवटच्या ठिकाणी खिशातला कापूसधागा आणि धूळ यांचा घट्ट गोळा अनेकदा निघाला. फोन बंद करून लाकडी दातकोरणीने तो हलकेच काढायचा. टाचणी किंवा सुई चालत नाही, आतले धातूचे संपर्क बिघडतात. एका फोनची पाठ फुगलेली होती. बॅटरीत वायू साठल्याचे ते लक्षण. असा फोन चार्जिंगला लावायचा नाही, दाबायचा नाही, टोचायचा तर मुळीच नाही; तो बॅटरी बदलण्यासाठी दुकानातच न्यायचा.

बॅटरीविषयी मात्र खरा अपपाठ आढळला. 'पूर्ण उतरू द्यावी, मगच लावावी', 'नवा फोन आधी आठ तास लावून ठेवावा', ही वचने घरोघरी पाठ. ती खोटी नव्हती, जुनी होती. निकेल-कॅडमियमच्या बॅटऱ्यांना अर्धवट वापराची सवय जडत असे. त्यांच्या काळातली ही शिकवण. १९९१ साली लिथियम-आयन बॅटरी बाजारात आली आणि यंत्र बदलले, पण नकलकार जुनीच ओळ उतरवत राहिले. या बॅटरीत लिथियमचे आयन दोन ध्रुवांमध्ये ये-जा करतात. दर खेपेला त्यांतले थोडे वाटेतच अडकून निकामी होतात. पूर्ण रिकामे होणे, शंभर टक्क्यांवर तासन्तास राहणे आणि उष्णता या तिन्हींनी ही झीज वाढते. त्यांत उष्णता सर्वांत वाईट. म्हणून वीस ते ऐंशी टक्क्यांमध्ये राहावे, आणि फोन उशीखाली किंवा चुलीजवळच्या फळीवर लावू नये. ज्या तिघांच्या संशोधनातून ही बॅटरी आली, त्या गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना २०१९ साली रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. त्यांची विद्या आमच्या शिबिरात चुलीजवळच्या फळीपर्यंत पोहोचली, हे काही कमी नाही.

परंतु सर्वांत महत्त्वाची गोष्ट संध्याकाळी ध्यानात आली. दोन तक्रारी घेऊन येणारे लोक बहुधा तेच होते: रेंज नाही, आणि बॅटरी टिकत नाही. हा योगायोग नव्हे. टॉवर दूर असेल, तर आपला आवाज तिथवर जावा म्हणून फोनला जोर वाढवावा लागतो, सुमारे २०० मिलिवॅट या कमाल मर्यादेपर्यंत. दरीच्या पलीकडे हाक मारणाऱ्या माणसासारखा तो ओरडत राहतो, आणि ओरडून थकतो. मधूनच चुकारपणे ५जी मिळते-न-मिळते अशा जागी तर त्याचा शोध संपतच नाही. तिथे सेटिंगमध्ये जाऊन ४जीवर स्थिर राहणे बरे. शहरातल्या माणसाचा तोच फोन दोन दिवस चालतो आणि वाडीतल्या माणसाचा दुपारीच मान टाकतो, त्यात वाडीतल्या माणसाने काही जास्त पाहिलेले नसते. वर्ग मध्येच सोडून गेलेल्या मुलांपैकी काहींचे प्रकरण एवढेच होते.

एक आजी आल्या. "मास्तर, मुंबईच्या पोराचा फोन पावसाळ्यात लागतच नाही बघा. नवा घेऊ का?" फोन तपासला, सिम तपासले, दोन्ही धडधाकट. त्यांच्या घरी गेलो. सेटिंगमध्ये सिग्नलचा एक उणे आकडा दिसतो. तो दहाने खाली गेला, की मिळणारी शक्ती दहा पटींनी घटलेली असते. रेघांवर विसंबू नये. किती सिग्नलला किती रेघा दाखवायच्या, हे प्रत्येक कंपनी आपापले ठरवते. पत्र्याच्या छपराखाली, माजघरात, आकडा उणे १२० च्या आसपास, म्हणजे जवळपास शून्य. पूर्वेच्या खिडकीच्या कठड्यावर उणे १०८. फोन तिथे ठेवायचा, एवढा उपाय निघाला. नव्या फोनचे पैसे वाचले.

पण पावसाळ्याचे काय? फोनच्या लहरींना पाऊस फारसा अडवत नाही. चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. पावसाळ्यात गावची वीज दोन-दोन दिवस जाते. डोंगरावरच्या टॉवरलाही बॅटऱ्याच असतात. त्या काही तास तग धरतात, आणि जनरेटरचे डिझेल वेळेवर पोहोचले नाही, तर त्याही उतरतात. आजींच्या फोनला नव्हे, टॉवरला चार्जिंग नव्हते. तिथे खिडकीचा कठडा कामाचा नाही.

इथे चिकित्सेचा खरा उपयोग दिसतो. कापसाचा गोळा, फळीवरची उष्णता, जुना अपपाठ यांचा बंदोबस्त माणसाने स्वतः करायचा. डोंगर, वीज आणि डिझेल यांचा बंदोबस्त त्याने करायचा नाही. त्यासाठी तो कर आणि रिचार्ज भरतो. दूरसंचार कंपन्यांच्या समायोजित महसुलातून पाच टक्के रक्कम दुर्गम भागाच्या सेवेसाठी वेगळी काढली जाते. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने त्या निधीला 'डिजिटल भारत निधी' असे नाव दिले. जुलै २०२२ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ४जी न पोहोचलेल्या २४,६८० गावांसाठी २६,३१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. म्हणजे गाव 'संपर्क क्षेत्राच्या बाहेर' आहे हे सरकारदरबारीही ठाऊक आहे. आणि आज बँकेचा ओटीपी, पिकाची नोंद, रेशनचा अंगठा, सारे त्या क्षेत्रातच घडते. तेथे नसलेला माणूस आळशी ठरतो, कधी खोटारडा ठरतो, क्वचित मेलेलाही ठरू शकतो.

शिबिराच्या शेवटच्या दिवशी मुलांनी ग्रामसभेसाठी अर्ज लिहिला. 'आमच्या गावी रेंज नाही, तरी कृपा व्हावी' असा मसुदा प्रथम झाला होता. तो त्यांनीच खोडला. मग वाड्यांची नावे, प्रत्येक ठिकाणचा उणे आकडा, कोणत्या कंपनीचे सिम, मागच्या पावसाळ्यात कोणत्या तारखांना वीज गेली आणि त्यानंतर किती तासांनी टॉवर बंद पडला, असा तक्ता तयार झाला. आठवणी जुळवायला सारा गाव बसला होता. अर्जात विशेषण एकही नव्हते. इतके नेटके मराठी गद्य त्या वर्षी आमच्या वाचनात दुसरे आले नाही.