उजेड कुठून यावा?

आमच्या घरी फोटोंना तोटा नाही. तीन आल्बम आहेत, बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आहे, आणि भावाच्या लग्नाचा तो जाडजूड ग्रंथ आहे, ज्याच्या पानापानांमध्ये जाळीचा पातळ कागद असतो. असे असूनही 2022 साली वडील गेले तेव्हा भिंतीवर लावण्याजोगा त्यांचा एक फोटो आम्हाला सापडेना. काहींत ते पाठमोरे होते, काहींत जेवत होते. आणि जिथे म्हणून ते कॅमेऱ्याकडे बघत होते, तिथे त्यांच्या चष्म्याच्या जागी दोन पांढऱ्या चकत्या होत्या. शेवटी पुतणीच्या बारशाच्या घोळक्यातून त्यांना कापून काढले. खांद्यावर कुणाचा तरी हात राहिला होता, तो फोटोवाल्याने रंगाने बुजवला. चकत्या मात्र त्याला बुजवता आल्या नाहीत. बुजवल्या असत्या तर त्या जागी डोळे कुणाचे काढणार?

आई रोज सकाळी पूजा आटोपली की त्या तसबिरीची काच पदराने पुसते. डोळ्यांपाशी जरा जास्त वेळ पुसते. ही तिची माया, असे मी धरून चाललो होतो. मग एक दिवस ती म्हणाली, "अरे, इथली एवढी धूळ काही जात नाही बघ."

आईला आता अठ्ठ्याहत्तरावे वर्ष चालू आहे. चष्मा तिलाही आहे.

मी फ्लॅश विकत घ्यायचे ठरवले, त्याचे कारण हे. कॅमेरा घरात होता. मेव्हण्याने नवा घेतला तेव्हा जुना माझ्या गळ्यात घातला होता. त्याच्या डोक्यावर एक इवलासा फ्लॅश आपोआप उघडतो. पण चकत्यांचे मूळ नेमके तिथेच आहे. उजेड ज्या कोनात काचेवर पडतो त्याच कोनात परततो. भिंगाला लागूनच दिवा असला आणि माणूस समोर बघत असला, की उजेड गेल्या पावली परत येणार. शिवाय असा उजेड चेहऱ्याचे सगळे चढउतार पुसून टाकतो. नाकाला सावली नाही, गालाला खळगा नाही, कपाळाला आठी नाही. मागे भिंतीवर तेवढी एक काळी कड. सत्तर वर्षांत जे चेहऱ्यावर लिहिले गेले ते हजाराव्या भागाच्या क्षणात खोडरबराने पुसल्यासारखे होते.

खरे म्हणजे उजेड बाजूने यावा हे आपल्याला कुणी शिकवायला नको. आरती ओवाळताना निरांजन फिरते तसा मूर्तीचा चेहरा पालटतो, हे आपण जन्मभर पाहत आलो आहो. सावळाराम हळदणकरांचे ते प्रसिद्ध जलरंगातले चित्र आठवा. हातात दिवा घेतलेली, दुसऱ्या हाताने ज्योत झाकणारी स्त्री. म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात ते आहे. कित्येक लोक ते खुशाल रविवर्म्याच्या नावावर खपवतात, तो भाग निराळा. हळदणकरांनी समोर बसवली होती ती स्वतःची मुलगी. त्या चित्रातला उजेड बघणाऱ्याच्या कपाळातून निघत नाही. तो त्या बाईच्या हातात आहे, आणि म्हणूनच तिची बोटे आतून पेटल्यासारखी लाल दिसतात. तात्पर्य, मला हवा होता तो कॅमेऱ्यापासून सुटलेला दिवा.

सुटलेला दिवा ही काही आजची कल्पना नव्हे. 1887 साली जर्मनीत मीथे आणि गेडिके या दोघांनी मॅग्नेशियमच्या भुकटीचे पेट घेणारे मिश्रण तयार केले, आणि लगोलग न्यूयॉर्कमध्ये जेकब रीस नावाचा एक बातमीदार ती भुकटी घेऊन गरिबांच्या अंधाऱ्या खोल्यांतून हिंडू लागला. त्याचे पुस्तक 1890 साली निघाले. या उद्योगात आपण दोनदा घराला आणि एकदा स्वतःला आग लावून घेतली, असे त्यानेच लिहून ठेवले आहे. हे वाचून मी आमच्या सौभाग्यवतींना म्हटले, "त्या मानाने आपला छंद बराच स्वस्त आहे." त्यावर त्या म्हणाल्या, "अजून घेतलाय कुठे?"

घ्यायला मी मुंबईला बोरा बझारमध्ये गेलो. जाण्यापूर्वी माझ्या एका माजी विद्यार्थ्याकडून पाठ घेतला होता. हा मुलगा वर्गात शेवटच्या बाकावर बसून तीन वर्षे झोपला आणि आता लग्नांचे फोटो काढून माझ्याहून बरे कमावतो. त्याने मला बजावले होते, "सर, ताकदीचा आकडा विचारू नका. फसाल."

पण मोह कुणाला सुटला आहे! दुकानात शिरताच मी ताकदीचा आकडाच विचारला. या आकड्याला गाइड नंबर म्हणतात. माणूस जितक्या मीटरवर असेल तितक्याने त्याला भागले की भिंगाचे तोंड किती उघडायचे ते कळते. आकडा 40 आणि माणूस 5 मीटरवर, तर एफ 8. हिशेब सोपा आहे. गोम अशी की खोक्यावर मोठ्या ठशात छापलेला 60 हा आकडा फ्लॅशचे डोके 200 मिलिमीटरच्या झूमवर आवळल्यानंतरचा असतो. विजेरीचा झोत आवळावा तसे ते. तोच झोत खोलीभर पसरवला की आकडा बराच खाली येतो, आणि मध्ये छत्री धरली की आणखी खाली. कंपनी खोटे बोलत नाही. वधूपिता जसा मुलीचा पगार वर्षाच्या हिशेबाने सांगतो, तसे आहे हे.

दुकानदार अनुभवी होता. त्याने एकच प्रश्न विचारला, "साहेब, पळणाऱ्या माणसाचा फोटो काढायचाय की बसलेल्या?"

"बसलेल्या," मी म्हटले. "आईचा."

त्याने कॅमेऱ्याच्या कंपनीचा भारी फ्लॅश काचेच्या कपाटात परत ठेवला. एवढा प्रामाणिकपणा मला अपेक्षित नव्हता. मीच विचारले, "तो का नको?"

तो भारी फ्लॅश टीटीएल जातीचा होता. म्हणजे तो आधी एक बारीकसा चमकारा सोडतो, कॅमेरा परत आलेला उजेड मोजतो आणि खरा चमकारा किती द्यायचा ते स्वतः ठरवतो. लग्नातल्या फोटोवाल्याला हे वरदान आहे. नवरदेव दोन पावलांवर, मामा दहा पावलांवर, करवली कुठे ते कुणालाच ठाऊक नाही. तिथे हिशेब करायला वेळ कुणाला? पण या शहाण्या यंत्राची एक खोड आहे. समोर पांढरे लुगडे आले की त्याला वाटते उजेड फार झाला, आणि ते हात आखडते. काळा कोट आला की सढळ होते. आई अलीकडे फिकट रंगाचीच लुगडी नेसते. तिने पदर सावरला की उजेड बदलणार. खुर्ची हलणार नाही, दिवा हलणार नाही, मग दर खेपेला नव्याने अंदाज हवा कशाला? हाताने ठरवायचा, ज्याला मॅन्युअल म्हणतात, तो साधा फ्लॅश पूर्ण ताकदीपासून एकशे अठ्ठाविसाव्या भागापर्यंत पायऱ्यापायऱ्यांनी उतरतो. एकदा पायरी ठरली की शंभराव्या फोटोलाही तोच उजेड. आणि किंमत, सांगायला आनंद होतो, त्या भारी फ्लॅशच्या एक-पंचमांशाहूनही कमी.

आता एकच अट उरली होती. कॅमेऱ्यापासून तुटलेल्या फ्लॅशला 'आता चमक' हे सांगायचे कुणी? एक जात दुसऱ्या फ्लॅशचा चमकारा पाहून चमकते. ही दिसायला सोयीची, पण भर उन्हात ती आंधळी होते, मध्ये खांब आला तरी होते, आणि समारंभात तर कुणाही पाहुण्याच्या चमकाऱ्याला ओ देत सुटते. दुसरी जात रेडिओची. कॅमेऱ्यावर काड्यापेटीहून थोडे मोठे ट्रिगर बसते, फ्लॅशच्या पोटातच ऐकणारे यंत्र असते. मध्ये भिंत असली तरी बिघडत नाही. मी गोडॉक्सचा असला एक साधा, पोटात रेडिओ असलेला फ्लॅश आणि त्याचे ट्रिगर घेतले. तो चार पेन्सिल सेलांवर चालतो. लिथियमची बॅटरी असलेले भाऊबंद दीड सेकंदात पुन्हा तयार होतात, याला पूर्ण ताकदीला अडीच-तीन सेकंद लागतात. आई दोन फोटोंच्या मध्ये काहीतरी बोलणारच, तेव्हा तेवढा वेळ मजजवळ होता.

दुकानात एक जुना, सत्तरच्या दशकातला फ्लॅशही पडला होता. तो पाहून माझा जीव त्यात गुंतला. जुन्या वस्तूंचा मला नाद आहे. दुकानदाराने तो हातातून काढून घेतला. त्या काळच्या काही फ्लॅशांच्या पायाशी दोनशेहून अधिक व्होल्टांचा दाब असतो. तेव्हाच्या कॅमेऱ्यांत नुसती धातूची टोके एकमेकांना भिडत, त्यांना त्याचे काही वाटत नसे. आजच्या कॅमेऱ्याच्या नाजूक पोटाला तो सोसत नाही.

फ्लॅशबरोबर एक तिवई आणि पांढरी छत्री घेतली. छत्री हीच माझ्या मते खरी खरेदी. फ्लॅशचे तोंड तळहातापेक्षा लहान असते. एवढ्याशा तोंडातून आलेला उजेड वैशाखातल्या दुपारी बाराच्या उन्हासारखा, सुरकुती कोरून काढणारा. तोच मीटरभर रुंदीच्या पांढऱ्या कापडातून गाळून, माणसाच्या जवळ आणला की आषाढातल्या ढगाळ सकाळसारखा होतो. जवळ आणण्यात आणखी एक लाभ आहे. अंतर निम्मे केले की उजेड चौपट होतो. व्यस्त वर्गाचा हा नियम मी शाळेत पाठ केला होता आणि परीक्षेनंतर विश्वासाने विसरलो होतो. ताकदीच्या आकड्यामागे धावू नका असे तो विद्यार्थी का म्हणत होता, ते दिवाणखान्यात तिवई दोन पावले पुढे सरकवल्यावर मला समजले.

सराव नारळावर केला. आईला तासन् तास बसवणे शक्य नव्हते. खुर्चीवर उशा रचून वर एक नारळ ठेवला आणि त्याला माझा जुना चष्मा घातला. पहिल्या फोटोत निम्मा नारळ काळा आला. शटरचा वेग फार ठेवला होता. बहुतेक कॅमेऱ्यांत सेकंदाच्या दोनशेव्या किंवा अडीचशेव्या भागापलीकडे गेले की पडदा पुरता उघडण्याआधीच मिटू लागतो, आणि एका क्षणात होऊन गेलेला चमकारा अर्ध्यालाच लाभतो. दुसऱ्या दिवशी पंख्याच्या वाऱ्याने छत्री फुगली आणि तिवईसकट आडवी झाली. तेव्हापासून तिवईच्या पायाला पाच किलो तांदळाची पिशवी टांगतो. मग कळले की चष्म्याच्या बाबतीत छत्री हा उपाय नव्हे, उपद्रव आहे! दिवा मोठा म्हणजे काचेतले प्रतिबिंबही मोठे. चार संध्याकाळी त्यात गेल्या. तिवई डोक्याच्या बरीच वर चढवली, बाजूला नेली, नारळाची हनुवटी (असे म्हणू या) किंचित खाली केली, चष्म्याच्या दांड्या कानांवरून सुताएवढ्या उचलल्या. आणि एकदाचे दोन्ही काचांतून नारळाचे डोळे स्वच्छ दिसले. त्याच वेळी दारात उभ्या असलेल्या सौभाग्यवतींनी विचारले, "चटणीला घेऊ का, की अजून याचे काही राहिलंय?"

रविवारी सकाळी आईला बसवले. तिने इरकल नेसले होते, नथ घालू का म्हणून दोनदा विचारले, आणि मग नकोच म्हणाली. मी चष्म्याच्या दांड्या उचलायला वाकलो तेव्हा ती हळूच म्हणाली, "हा हार घालायचा फोटो ना रे?"

माझा हात तिच्या कानापाशी होता. वर्गात अवघड प्रश्न आला की मी खडू शोधू लागतो. इथे खडू नव्हता. मी म्हटले, "छे गं! सहज."

"सहज कुणी एवढा मांडव घालतं होय?" ती म्हणाली, आणि मग तिला नारळाची गोष्ट आठवली. सुनेने सांगितली असणार. ती हसू लागली. मी कळ दाबत राहिलो. पहिल्या दोन-तीन फोटोंत डोळे मिटले, एकात पदर आला. पुढच्यात हसू ओसरून गेले होते, पण गालावर त्याची खूण होती. डाव्या बाजूला उजेड, उजव्या गालावर मऊ सावली, आणि काचांमागे दोन्ही डोळे, कडेला वयाची निळसर छटा आलेले, जसे आहेत तसे.

कॅमेऱ्याच्या पाठीवर तिला तो दाखवला. तिने तो पुष्कळ वेळ पाहिला. "आमच्या आईसारखी दिसायला लागले की मी," म्हणाली. मग मान वळवून भिंतीवरच्या तसबिरीकडे पाहून म्हणाली, "यांचा असा एक काढायला हवा होतास." मी काही बोललो नाही. चकत्या म्हणजे धूळ नव्हे, हे मी तिला आजवर सांगितलेले नाही.

प्रत मोठी करून आणली तेव्हा मला वाटले, ती कुठे लावायची म्हणून विचारील. तिने ती दोन्ही हातांनी धरली, खिडकीपाशी नेऊन पाहिली, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळली आणि मला कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवायला सांगितली. "समोरच ठेव," म्हणाली, "नाहीतर ऐनवेळी शोधत बसाल."

मी ठेवली. तिवई अजून दिवाणखान्यातच उभी आहे. शेजारच्या काकू चष्मा पुसून कधीच्या येऊन बसल्या आहेत, आणि आतून तांदूळ परत मागताहेत.