ज्याच्या ग्रुपवर संदेश येतो, त्याच्यासाठी

टूलचं डॉक्युमेंटेशन हे ते बसवणाऱ्यासाठी असतं, असं माझं इतकी वर्षं ठाम मत होतं. इन्स्टॉल कसं करायचं, टोकन कुठे ठेवायचं, कॉन्फिग फाइलमध्ये काय भरायचं, एरर आली तर लॉग कुठे बघायचा, संपलं. बाकी लिहिणं म्हणजे पाल्हाळ. आता माझं मत तसं राहिलेलं नाही.

भिंगारला घरी बसून मी सॉफ्टवेअरचं डॉक्युमेंटेशन लिहितो. सध्या हातात असलेलं टूल छोटं आहे. कामाच्या नोंदीवर कुणी शेरा लिहिला की तो उचलायचा आणि चॅटच्या चॅनेलवर टाकायचा. कल्पना जुनीच आहे. विकिपीडियाच्या तांत्रिक मंडळींकडे विकिबग्ज नावाचा बॉट हेच करत आला आहे: फॅब्रिकेटर या कामाच्या नोंदी ठेवणाऱ्या साइटवरचे बदल आणि शेरे तो आयआरसी या जुन्या चॅट-पद्धतीच्या चॅनेलवर आणून टाकतो. अशा टूलला बसवणारा एक असतो आणि त्याचे संदेश वाचणारे शेकडो. तरी आम्ही लिहितो ते त्या एकासाठीच.

हे टूल मी आमच्या कॉलनीच्या टेलिग्राम ग्रुपला जोडून पाहिलं. तक्रारींच्या यादीत कुणी शेरा लिहिला की तो ग्रुपवर दिसायचा. भिंगार छावणीचं गाव, त्यामुळे शेजारपाजारी निवृत्त फौजी बरेच. त्यांतल्या सुभेदारकाकांनी मला किराणा दुकानाबाहेर गाठलं.

“तुझा तो बॉट आमचं बोलणं वाचतो का रे?”

“नाही काका. तो फक्त टाकतो.”

“असं लिहिलंय कुठे?”

आमच्या पानांवर कुठेच लिहिलेलं नव्हतं. शिवाय खरं उत्तर माझ्या उत्तराइतकं सोपंही नाही. टेलिग्रामच्या बॉटला प्रायव्हसी मोड असतो आणि तो मुळात चालूच असतो. तेव्हा ग्रुपवरच्या गप्पा बॉटपर्यंत पोचत नाहीत. त्याला उद्देशून दिलेल्या कमांड आणि त्याच्या संदेशांना दिलेली उत्तरं पोचतात. पण बॉटला ॲडमिन केलं की लोकांचं सगळं बोलणं त्याच्याकडे जातं, मग टूल त्याचं काही करो वा न करो. ग्रुपमधल्या माणसाला हे कळायला हवं, आणि तो काही आमची कॉन्फिग फाइल उघडून बघणार नाही.

दुसरी गोष्ट मराठीची, आणि ती असं टूल आयआरसीला जोडलं की दिसते. आयआरसीचे नियम 1993 च्या आरएफसी 1459 मध्ये लिहिलेले आहेत. त्यानुसार एक संदेश, ओळ संपवणारी दोन चिन्हं धरून, 512 बाइटपेक्षा मोठा असू शकत नाही. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो. युनिकोडच्या यूटीएफ-8 पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन लागतात, आणि काना, मात्रा, अनुस्वार हे सगळे वेगळे मोजले जातात. म्हणजे इंग्रजी शेरा जिथे जेमतेम अख्खा मावतो, तिथे तेवढ्याच चिन्हांच्या मराठी शेऱ्याचा साधारण तिसरा हिस्साच मावतो. उरलेला टूल कापून टाकतं.

आता मराठी वाक्याची ठेवण बघा. नकार आपण शेवटी ठेवतो. ‘दुरुस्ती चालू असल्याने उद्या सकाळी पाणी येणार नाही’ यातला ‘नाही’ म्हणजे चार चिन्हं, बारा बाइट. लांब शेऱ्याच्या शेवटी हे वाक्य असलं आणि कात्री नेमकी त्या बारा बाइटांवर पडली, तर चॅनेलवर येतं ‘उद्या सकाळी पाणी येणार’. लॉगमध्ये एरर नाही, संदेश व्यवस्थित पोचलेला. बसवणाऱ्याच्या दृष्टीने सगळं आलबेल आणि वाचणारा सकाळी बादल्या मोकळ्या ठेवून बसलेला. टूलने कापलेल्या जागी तीन टिंबं टाकावीत आणि मूळ नोंदीची लिंक द्यावी, हे खरंच. पण तीन टिंबं दिसली तर लिंक उघडल्याशिवाय विश्वास ठेवू नका, हे वाचणाऱ्याला सांगायलाच हवं.

म्हणून आता मी पहिलं पान त्याच्यासाठी लिहितो. हा संदेश कुठून आला, कुणाच्या शेऱ्यामुळे आला, तो अर्धवट असू शकतो का, बॉटला तुमचं काय दिसतं, आणि नको असेल तर बंद करायला कुणाला सांगायचं. हे पान मराठीत, आणि ग्रुपवर पिन करता येईल एवढं. टेलिग्रामच्या एका संदेशात 4096 चिन्हं मावतात. माझं पान त्याच्या पुढे गेलं तर मी पान कमी करतो. टोकन आणि कॉन्फिग त्यानंतर.

सोबतची मंडळी म्हणतात, पानं वाढली की शिळी होतात. त्यांचं म्हणणं बरोबर आहे. कोड बदलला की हे पानही बदलावं लागतं, आणि ते काम माझ्याच गळ्यात पडतं. जुन्या मताचा खरा फायदा हाच होता, काम कमी पडायचं. ते मत मी इतकी वर्षं धरून बसलो त्याला तत्त्वापेक्षा हे कारण जास्त असावं, असा मला आता संशय आहे.