आजीसाठी कंडेन्सर

आजीच्या जात्यावरच्या ओव्या शेजारच्या म्हसवडच्या माणदेशी तरंग वाहिनीला, ९०.४ एफएमला, पाठवायच्या आहेत. प्रश्न माईकचा.

कंडेन्सरचा पडदा फार पातळ. ४८ व्होल्ट मिळाले की तो पंख्याची घरघर, माळशिरसच्या रस्त्यावरचा उसाचा ट्रॅक्टर, सगळं टिपतो. डायनॅमिक माईकच्या पडद्याला तारेचं वेटोळं जोडलेलं असतं. तो जड, म्हणून लांबचं कमी ऐकतो. गोंगाटाच्या खोलीत तोच बरा. पण त्याला तोंड अगदी जवळ लागतं, आणि आजी माईक दिसला की मागं सरकते.

म्हणून कंडेन्सरच घेतला. खिडकीला गोधड्या टांगल्या, पंखा बंद केला. उकाडा सोसता येतो. आजीचा आवाज मात्र दरवर्षी बारीक होतोय आणि तिच्या ओव्या कुठंच लिहिलेल्या नाहीत.