गाळलेलं नाव

फिशिंगच्या चाचणीत नापास झालेल्यांची यादी मी तयार केली होती. तिच्यातलं सगळ्यात वरचं नाव वरिष्ठांनी गाळलं आणि खालच्या ओळीतल्या एका बाईंना मेमो गेला. आता मी याच सायबर सुरक्षेच्या क्षेत्रात नोकरी करते, पगार घेते. तरी कुणी म्हणालं, "शिकता शिकता कंपनीत काम, किती छान सोय!" की मला सगळ्यात आधी ती यादी आठवते आणि अजून डोकं फिरतं.

पदवीतच ॲप्रेंटिसशिप जोडलेले अभ्यासक्रम आता नवीन राहिलेले नाहीत. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२० साली त्यासाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. कारखान्यातल्या कामाचे क्रेडिट मार्कशीटवर येतात आणि महिन्याला विद्यावेतन मिळतं. आमच्या वेळी ते किमान ९,००० रुपये होतं, त्यातले निम्मे सरकार कंपनीला परत देणार. मी पालघरची. शनिवारी कॉलेज, बाकीचे दिवस तारापूर एमआयडीसी. नाव तारापूरचं, पण उतरायचं बोईसरला, हे बाहेरच्यांना दर वेळी समजावून सांगावं लागतं. डहाणू लोकल, मग शेअर रिक्षा, मग गेटवर मोबाइल जमा. कंपनी औषधांचा कच्चा माल बनवणारी. घरी आईला एवढंच कळलं होतं की पोरगी 'कॉम्प्युटरच्या सिक्युरिटीत' आहे. शेजारच्या काकूंनी त्याचा अर्थ गेटवरची सिक्युरिटी असा घेतला, तो आम्ही फारसा दुरुस्त केला नाही.

कॉलेजात आम्ही छोट्या मूळ संख्या घेऊन आरएसएची गणितं सोडवत होतो. कारखान्यात पहिल्याच आठवड्यात पाहिलं ते क्वालिटी कंट्रोलच्या लॅबमधलं एक मशीन: विंडोज सेव्हन, तिन्ही पाळ्यांना एकच पासवर्ड, तोही मॉनिटरच्या कडेला चिकटवलेला. अमेरिकेला माल पाठवणाऱ्या औषध कंपनीत हे चालत नाही. कुठला नमुना कुणी, कधी तपासला, निकाल कुणी बदलला, याची नोंद माणसागणिक राहावी लागते. तिकडचे तपासनीस नेमकं तेच उकरून काढतात. म्हणजे आमच्या एमआयडीसीत सायबर सुरक्षा आली ती चोरांच्या भीतीने कमी आणि ऑडिटच्या भीतीने जास्त. याबद्दल माझी तक्रार नाही. भीती कुठलीही असो, पासवर्ड वेगळे झाले.

फिशिंगची चाचणीही ऑडिटमुळेच आली. परदेशी ग्राहकाच्या प्रश्नावलीत एक प्रश्न होता, की कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देता का आणि त्याचा पुरावा काय? मुंबईहून एक कन्सल्टंट आले. त्यांनी कॉन्फरन्स रूममध्ये कुडनकुलमची स्लाइड दाखवली. २०१९ मध्ये तिथल्या अणुऊर्जा प्रकल्पाच्या प्रशासकीय नेटवर्कवरच्या एका संगणकात मालवेअर सापडलं. आधी इन्कार झाला आणि दुसऱ्या दिवशी, ३० ऑक्टोबरला, अणुऊर्जा महामंडळाने ते मान्य केलं. अणुभट्टी चालवणारी यंत्रणा वेगळी होती, तिला धक्का लागला नव्हता. पण १९६९ पासून अणुऊर्जा केंद्राच्या शेजारी राहणाऱ्या बोईसरमध्ये ती स्लाइड बरोबर बसली. खोलीत शांतता पसरली. कुणाचा भाऊ तिथे, कुणाचा जावई.

मग ठरलं, की सगळ्यांना एक खोटा मेल पाठवायचा. विषय: दिवाळी बोनस.

कारखान्यात बोनस म्हणजे काय, हे पगाराच्या गणितावर घर चालवणाऱ्यालाच कळतं. ८.३३ टक्के की जास्त, यावर ऑगस्टपासून कँटीनमध्ये पैजा लागतात. मी म्हटलं, "सर, दुसरा विषय घेऊ या का? कुरिअरचा, पासवर्ड संपल्याचा?" कन्सल्टंट हसले. चोर विचारून येत नाही, म्हणाले. अमेरिकेत गोडॅडी या कंपनीने डिसेंबर २०२० मध्ये अगदी हेच केलं होतं. ६५० डॉलरच्या सणाच्या बोनसचा खोटा मेल, सुमारे पाचशे कर्मचारी फसले, बाहेर बोभाटा झाला आणि कंपनीला माफी मागावी लागली. हे मला तेव्हा माहीत असतं तर टेबलावर ठेवलं असतं. ऐकलं असतं का, ती गोष्ट वेगळी.

काम माझ्याकडे आलं. गोफिश नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर आहे, त्यावर मोहीम मांडली. कंपनीच्या पत्त्यासारखाच दिसणारा पत्ता घेतला, ज्यात इंग्रजी एमच्या जागी आर आणि एन शेजारी शेजारी होते. घाईत वाचणाऱ्याला फरक दिसत नाही. निकालाचे तीन रकाने: मेल उघडला, लिंक दाबली, पासवर्ड टाकला. या तिन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. उघडणं म्हणजे काहीच नाही. दाबणं धोक्याचं. पासवर्ड टाकणं म्हणजे किल्ली हातात दिली.

पहिल्या यादीत नावं खूप आली. बारकाईने पाहिलं तर काहींची लिंक मेल पोचला त्याच सेकंदाला दाबली गेली होती. माणूस इतका चपळ नसतो. मेल तपासणारं यंत्रच ती लिंक उघडून बघत होतं. आयपी पत्ते जुळवून मी ती नावं काढली, प्रत्येकापुढे कारण लिहिलं. वरिष्ठांनी पाठ थोपटली. "असंच पाहिजे, पुराव्याशिवाय नाव काढायचं नाही," म्हणाले. हे वाक्य त्यांचंच, म्हणून लक्षात ठेवलं.

आता डिस्पॅचच्या ताईंबद्दल. कंटेनरची कागदपत्रं त्या बघायच्या. मला डबा खायला बोलावणाऱ्या त्या एकट्याच. कुडनकुलमच्या स्लाइडनंतर त्यांनी मला जून २०१७ सांगितला होता. न्हावा शेवा बंदरातल्या एका टर्मिनलची संगणक यंत्रणा अचानक बसली, सगळीकडे ट्रकच्या रांगा, माल अडकलेला आणि फोनवर शिव्या खाणाऱ्या ताई. तो नॉटपेट्याचा हल्ला होता. युक्रेनमधल्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून तो शिरला, मर्स्क कंपनीची जगभरातली यंत्रणा कोलमडली आणि तिचं न्हावा शेवाचं टर्मिनलही. कुणाही कारकुनाने कुठलीही लिंक न दाबता. हे प्रकरण मी पुस्तकात वाचलं होतं. ताईंनी ते भोगलं होतं.

बोनसचा मेल गेला त्या दिवशी दहा-पंधरा मिनिटांत आमच्या आयटीच्या एक्स्टेन्शनवर फोन वाजला. मीच उचलला. "अगं, बोनसचा मेल आलाय. मी दाबलं, तर पासवर्ड मागतोय. आपल्याकडे नोटीस आधी कँटीनच्या बोर्डावर लागते ना? मेल कधीपासून यायला लागले? बाकीच्यांना सांग बाई, काहीतरी गडबड आहे."

सुरक्षेच्या पुस्तकात याला नाव आहे आणि त्याला बक्षीस द्यावं असंही लिहिलेलं असतं. सापळ्यात पाय पडताच जो ओरडतो तोच बाकीच्यांना वाचवतो. त्या दिवशी अख्ख्या कारखान्यातून आलेला तो एकमेव फोन. खरा हल्ला असता तर आमच्या हातात तेवढीच माहिती असती. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणे घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते. लक्षात कोण आणून देणार? सर्व्हर? आमच्या सर्व्हरला तर स्वतःची वेळही नीट माहीत नव्हती.

त्याच दिवशी एका मोठ्या साहेबांनी लिंक दाबली, पासवर्ड टाकला, पान पुढे सरकेना म्हणून मोबाइलवरून परत टाकला. ते यादीत पहिल्या ओळीवर. कळवलं कुणालाच नाही.

संध्याकाळी वरिष्ठांनी फाइल उघडली, पहिली ओळ निवडली आणि डिलीटचं बटण दाबलं. मी शेजारीच उभी. "सर, त्यांचा तर दोनदा आहे." ते म्हणाले, "त्यांनी मुद्दाम करून पाहिलं असेल." "मग पुराव्याचं?" त्यांनी खुर्ची वळवली. "तू शिकाऊ उमेदवार आहेस ना? मग शीक."

कायद्यानेही मी तेवढीच होते. १९६१ च्या कायद्यानुसार शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी, कामगार नव्हे. मी रात्री घरी बसून मेल लिहिला: डिस्पॅचच्या ताईंनी पासवर्ड टाकलेला नाही, दहा-पंधरा मिनिटांत फोन केला, त्यांचं नाव 'कळवणारे' अशा वेगळ्या रकान्यात घ्यावं. वरिष्ठांना पाठवला, एचआरला प्रत. उत्तर आलं नाही. ताईंना मेमो आला. त्यात 'निष्काळजीपणा' हा शब्द होता. इतक्या वर्षांत पहिला मेमो, आणि तो माझ्या रकान्यांच्या आधारावर.

कॉलेजात ओजेटीच्या, म्हणजे कंपनीतल्या प्रशिक्षणाच्या, तोंडी परीक्षेला हेच सांगायचं ठरवून गेले होते. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "फिशिंगचे प्रकार सांगा." सांगितले. "रिपोर्टचं बाइंडिंग काळ्या रंगात का नाही?" त्याचंही उत्तर दिलं. मार्क चांगले पडले.

राग कशाचा होता, हे तेव्हा मला नीट मांडता येत नव्हतं. ब्रिटनचं राष्ट्रीय सायबर सुरक्षा केंद्र अशा चाचण्यांत फसलेल्यांना शिक्षा करू नका असं स्पष्ट सांगतं, कारण मग माणसं चूक लपवायला लागतात. आमच्याकडे तंतोतंत तेच झालं. ॲप्रेंटिसशिप संपल्यावर एकदा ताई बोईसर स्टेशनवर भेटल्या. म्हणाल्या, आता एचआरचा कुठलाच मेल उघडत नाही. पीएफच्या केवायसीचा खरा मेल आला होता, तोही तसाच राहिला, मग दोन खेटे पडले. मेमोचा विषय त्यांनी काढला नाही. बोनसचा काढला. त्या वर्षी तो ८.३३ टक्क्यांवरच थांबला होता.

इथवर वाचून कुणाला वाटेल की बोनसचं आमिष लावणंच अमानुष. मलाही वर्षभर तसंच वाटत होतं. आता तितकं वाटत नाही. माझ्या सध्याच्या नोकरीत अशा मोहिमा मीच आखते, आणि खरे चोर बोनस, पगारवाढ, आयकराचा परतावा हेच विषय वापरतात, हे रोज बघते. सोपा सापळा लावून सगळे पास झाले, तर त्या कागदाचा उपयोग ऑडिटपुरता. म्हणजे कन्सल्टंट विषयाच्या बाबतीत बरोबर होते, असं मला म्हणावं लागतं. म्हणताना जीभ जड होते. मागच्या मोहिमेत मी आयकराच्या परताव्याचा मेल लावला. दिवाळी बोनस अजून लावलेला नाही, आणि त्याला तांत्रिक कारण विचारलंत तर माझ्याकडे नाही.

माझ्या मोहिमेत चौथा रकाना असतो: कुणी कळवलं आणि किती मिनिटांत. अहवालात तो पहिला येतो. नावं वरपर्यंत जातच नाहीत, फक्त विभाग जातात. यावर आमच्या साहेबांशी दोनदा वाजलं आहे, पुन्हा वाजेल.

चुलतभाऊ यंदा बारावी झाला. वाणगावहून फोन करतो: "ताई, तसा कोर्स घेऊ का? सायबरवाला?" त्याला ही गोष्ट पूर्ण माहीत आहे. मी घे म्हणते. जर्मनीत मुलं आठवड्यातले तीन-चार दिवस कंपनीत आणि उरलेले शाळेत अशीच घडतात. आपल्याकडे वर्गात बसून लॅबच्या मॉनिटरवर चिकटवलेला पासवर्ड कुणालाच दिसत नाही. विद्यावेतनात बोईसरमध्ये भाड्याची खोली घेऊन भागत नाही, घर जवळ असेल तरच परवडतं, हेही सांगते. करार ॲप्रेंटिसशिपच्या सरकारी पोर्टलवर नोंदलेला आहे का ते बघ, विद्यावेतन बँकेतच घे, कामाची रोजची वही ठेव पण तिच्यात कंपनीचे पासवर्ड आणि आयपी पत्ते लिहू नकोस, आणि शिकवणारा माणूस नेमका कोण ते पहिल्याच दिवशी विचार. ओळखीत कुणी खरंच पैशाला फसलं तर आधी १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लाव, रडारड नंतर.

"आणि साहेबाचंच नाव यादीत आलं तर?" त्याने परवा विचारलं.

लिहून मेल कर, म्हटलं. उत्तर येणार नाही, तरी कर. तो म्हणाला, मग उपयोग काय? मला त्याला पटेल असं काही सुचलं नाही. फॉर्म भरायची शेवटची तारीख कधी आहे ते विचारलं आणि मार्कशीटचा फोटो पाठव म्हणून सांगितलं.