टेबल कुणाच्या नावावर?

विद्यापीठात असताना आम्हा पाचजणांची पार्टी म्हणजे तर्री-पोहे. तीन प्लेटी घ्यायच्या, पाचजणांत खायच्या आणि तर्री मात्र पुन्हा पुन्हा मागून घ्यायची. आज त्यातला एक बँकेत अधिकारी आहे, एक मैत्रीण नागपूरच्या जिल्हा न्यायालयात वकिली करते, दुसरी सरकारी दवाखान्यात परिचारिका आहे, एकजण नेट-सेट होऊनही अजून तासिका तत्त्वावर शिकवतो आणि आम्ही वस्त्यांमध्ये सामाजिक काम करतो. बँकेतल्या मित्राला गेल्या महिन्यात बढती मिळाली. त्याने फर्मान काढलं, "या खेपेला ठेला नाही. वर्धा रोडवर नवीन हॉटेल झालंय, तिथं जाऊ. बिल माझं."

हॉटेल खरोखर देखणं होतं. दारात बैलगाडीचं चाक, आत मंद पिवळे दिवे, भिंतीला टेकून जातं, पाटा-वरवंटा, वर टांगलेले कंदील. शनिवारची रात्र असल्याने वीस-पंचवीस माणसं बाहेर ताटकळत होती. हातात टॅब घेऊन उभ्या असलेल्या मुलीने विचारलं, "किसके नाम पे लिखूँ सर?" बँकेतला मित्र पुढे होता. क्षणभर थांबून तो म्हणाला, "देशमुख. पाच लोग."

आम्हाला वाटलं, गंमत करतोय. अर्ध्या तासाने आतून आवाज आला, "देशमुख सर, टेबल फॉर फाइव्ह!" आम्ही चौघं इकडेतिकडे बघत राहिलो, कोण हा देशमुख? तेवढ्यात तो निमूटपणे आत चालू लागला. मग लक्षात आलं की देशमुख म्हणजे आपणच.

जेवण चांगलं होतं, ते पुढे सांगतोच. आधी त्या आडनावाबद्दल.

टेबलावर बसल्या बसल्या परिचारिका मैत्रिणीने विचारलं, "काय रे, तू देशमुख कधी झाला?" तो हसला. वकील मैत्रीण मात्र हसली नाही. ती म्हणाली, "संविधानाचं कलम १५ विसरला काय? दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं इथं जातीवरून कुणालाही अडवता येत नाही. कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. अडवलं तर १९५५ च्या कायद्याने शिक्षा आहे. तुला इथं कोण अडवणार होतं?"

त्याचं उत्तर आम्ही अजून विसरलेलो नाही. तो म्हणाला, "अडवणार कुणीच नव्हतं. पण आडनाव सांगितलं की समोरचा एकदा वर बघतो. फ्लॅट पाहायला गेलो तेव्हा बघितलं, नव्या शाखेत रुजू झालो तेव्हा बघितलं. एका सेकंदाचंच असतं ते. आज पार्टी माझी होती. जेवणाआधी मला ते बघणं नको होतं. तुझ्या कायद्यात बघण्याला शिक्षा आहे काय?"

वकील मैत्रीण गप्प झाली. आम्हीही गप्प झालो. कारण ते बघणं आम्हा सगळ्यांच्या ओळखीचं आहे. वाचणाऱ्या मित्रांनो, तुमच्याही ओळखीचं असेल. घरमालक आधी नाव विचारतो, मग "पूर्ण नाव?" विचारतो आणि दुसऱ्या दिवशी खोली अचानक भावाच्या मुलासाठी राखून ठेवलेली निघते. त्यात कुणी शिवी दिलेली नसते, कुणी हाकललेलं नसतं. तक्रार लिहायला बसलं तर कागदावर काहीच उमटत नाही.

चळवळीतले काही ज्येष्ठ म्हणतात, शिकलेली पोरं महागड्या हॉटेलांत पैसे उडवतात, त्यांना समाजाची आठवण राहत नाही. आम्हाला हे पटत नाही. घुर्ये यांनी १९३२ साली जातीची लक्षणं सांगितली, त्यात कुणी कुणाच्या हातचं खावं आणि कुणाबरोबर खावं यावरची बंधनं हे एक ठळक लक्षण आहे. म्हणजे जात ताटात बसलेली होती. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्याचं पाणी प्यायल्यावर काय झालं ते आठवा. परिषदेला आलेले लोक मंडपात जेवत असताना सनातन्यांनी हल्ला केला आणि अन्न मातीत मिसळलं. ज्यांच्या आजोबा-पणजोबांच्या ताटात माती कालवली गेली, त्यांची पोरं आज पैसे मोजून, खुर्चीवर बसून, हवं ते मागवून जेवतात. यात लाजण्यासारखं काही नाही. हा हक्क लढून मिळवलेला आहे आणि तो वापरलाच पाहिजे.

पण तो कुणाच्या नावाने वापरायचा, हा आमचा प्रश्न आहे.

आमच्या प्राध्यापक मित्राने त्या रात्री बँकवाल्याची बाजू घेतली. तो म्हणाला, "बाबासाहेबांनीही बडोद्यात हेच केलं होतं ना?" त्याने आठवण करून दिली ती खरी आहे. परदेशातून शिकून परतलेले बाबासाहेब बडोदा संस्थानच्या नोकरीसाठी गेले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना. एका पारशी वसतिगृहाच्या रखवालदाराने त्यांना ठेवून घेतलं ते एका अटीवर. नोंदवहीत त्यांनी पारशी नाव लिहायचं. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींमध्ये त्यांनी स्वतः हे लिहिलं आहे. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले पारशी जमा झाले आणि जाब विचारू लागले. बाबासाहेबांना सामान उचलून बाहेर पडावं लागलं. कामाठी बागेत बसून त्यांनी गाडीची वेळ होईपर्यंत तास काढले आणि रात्री मुंबईला परतले.

आम्ही मित्राला म्हटलं, ही गोष्ट शेवटपर्यंत सांग. उसनं नाव दहा दिवस पुरलं. शिवाय त्या काळी त्यांच्या हातात कायदा नव्हता, डोक्यावर छप्पर नव्हतं, शहरातल्या ओळखीच्यांकडेही आसरा मिळाला नाही. ती निरुपायाने केलेली गोष्ट होती आणि त्यांनी ती अपमानाची आठवण म्हणूनच लिहून ठेवली, म्हणजे पुढच्यांवर ती वेळ येऊ नये. आपल्या हातात तर त्यांनीच लिहिलेलं संविधान आहे.

त्याच काळातली कोल्हापूरची गोष्टही आपल्याला ठाऊक असायला हवी. राजवाड्याच्या पागेतल्या हौदाला हात लावला म्हणून गंगाराम कांबळे यांना मारहाण झाली. शाहू महाराजांनी त्यांना मदत करून भर वस्तीत चहाचं हॉटेल काढायला लावलं. मग महाराज स्वतः तिथं गाडी थांबवायचे, गंगारामांच्या हातचा चहा मागवायचे आणि सोबतच्या मंडळींनाही तो प्यायला लावायचे. सगळ्या गावाला ठाऊक होतं की हे हॉटेल कुणाचं आहे. ते नाव लपलं असतं तर त्या चहाला अर्थच उरला नसता.

एवढं बोलणं होईपर्यंत मेन्यूकार्ड आलं. हॉटेलचं नाव आम्ही सांगत नाही, पण थाट अस्सल वऱ्हाडी होता. ज्वारीची भाकर एक नग ६० रुपये. ठेचा, झुणका, अंबाडीची भाजी, पाटवडी रस्सा. परिचारिका मैत्रीण म्हणाली, "माझ्या आजीने जन्मभर हेच खाल्लं. तिला कुणी सांगितलं असतं की याचे एवढे पैसे होतात, तर तिने शेजारणींना बोलावून हॉटेलच टाकलं असतं." आम्ही खूप हसलो. भाकर खरंच चांगली होती, चुलीवरची, पापुद्रा सुटलेली.

हसून झाल्यावर आमचं लक्ष भिंतीकडे गेलं. मोठं चित्र होतं. वाडा, विहीर, देऊळ, पार, बैलजोडी. सगळं गाव होतं, वेशीबाहेरची वस्ती तेवढी नव्हती. जेवणाचंही तसंच. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या स्वयंपाकाची जी नोंद केली, ती कुठल्याच 'गावरान' मेन्यूकार्डावर सापडत नाही. आता कुणी असं समजू नये की आम्ही तिथं चान्या आणि रक्ती मागत होतो. मृत जनावराचं मांस सोडा हे महाडला बाबासाहेबांनी सांगितलं आणि आपल्या लोकांनी गावोगाव रोष पत्करून ते सोडलं. ते पदार्थ कार्डावर नाहीत याचं आम्हाला दुःख नाही. ज्या गावात ते खाऊन माणसं जगली, ते गाव सजावटीसाठी उभं करताना त्या माणसांनाच पुसून टाकायचं, हे खटकतं. आणि अशा गावात शिरताना आपण आपलं आडनाव दारात ठेवून आलो, म्हणजे पुसायच्या कामाला आपणच हातभार लावला.

बिल यायच्या आधी टेबलावर आढळ्या देणाऱ्या पोराने अभिप्रायाचा कागद आणून ठेवला. नाव, मोबाइल, वाढदिवस, जेवण कसं वाटलं. बँकेतल्या मित्राने कागद उचलला, पेन हातात घेतलं आणि थोडा वेळ तसाच बसला. मग काही न बोलता त्याने तो आमच्याकडे सरकवला. आम्ही पाचही जणांची नावं एकाखाली एक लिहिली, आडनावांसकट. त्याचंही लिहिलं. तो बघत होता, नाही म्हणाला नाही.

पोराने कागद उचलला, वाचला, पुन्हा वाचला. विशीतलं पोर, छातीवरच्या पट्टीवर फक्त पहिलं नाव. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाला, "जयभीम दादा. इंदोऱ्याचे काय जी तुम्ही?" आम्ही म्हटलं, "आम्ही इंदोऱ्याचे. तू?" तो कामठीचा निघाला. बारावीनंतर शिक्षण सुटलेलं, वडील आजारी. दुपारी येतो, शेवटचं टेबल उठेपर्यंत थांबतो. वकील मैत्रिणीने विचारलं, "पट्टीवर पूर्ण नाव का नाही रे?" तो म्हणाला, "इथं नावच लावतात जी. बरंच आहे ना."

बरंच आहे. बँकेतल्या मित्रालाही तेच वाटलं होतं. दीड तास तो पोरगा आमच्या ताटात भाकर वाढत होता आणि आम्ही त्याला 'भैया' म्हणून हाका मारत होतो. त्याच्यासाठी आम्ही देशमुख होतो, आमच्यासाठी तो कुणीही होता. त्याने दहा मिनिटांत सांगितलेल्या अडचणींपैकी निम्म्या आमच्या रोजच्या कामातल्या आहेत. मुक्त विद्यापीठातून पुढे कसं शिकायचं, शिष्यवृत्तीचा अर्ज कुठे अडतो, वडिलांच्या उपचाराला कोणती योजना लागू होते. परिचारिका मैत्रिणीने आपल्या दवाखान्यातला वार आणि वेळ त्याला कागदावर लिहून दिली. आडनाव खाली ठेवलं तेव्हा आपण त्या मुलीच्या एका सेकंदाच्या बघण्यापासून वाचलो असू. पण या पोरापासूनही आपण लपलो होतो. हा हिशेब कुणी मांडत नाही, तो मांडावा म्हणून हा लेख.

आम्हाला बँकेतल्या मित्राला दोष द्यायचा नाही. लाज त्याने वाटून घ्यायची नाही, बघणाऱ्याने वाटून घ्यायची आहे. नुसतं एकत्र जेवून जात मरत नाही, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच 'जातिप्रथेचे निर्मूलन'मध्ये सांगून ठेवलं आहे. मग खोट्या नावाने शेजारच्या टेबलावर जेवून ती कशी मरेल? हॉटेलवाल्याला गिऱ्हाईकाच्या पैशाशी मतलब असतो, हे खरं. पण जी समता आडनाव कळेपर्यंतच टिकते, तिला आपण समता म्हणून पाठीशी बांधू नये.

म्हणून तरुण मित्रांना एवढंच सांगणं आहे. हॉटेलात जरूर जा. आई-वडिलांना घेऊन जा, त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांची खरकटी भांडी घासली असतील तर आधी त्यांनाच घेऊन जा. नाव विचारलं तर पूर्ण नाव सांगा, ऐकू जाईल असं सांगा. कुणी वर बघितलं तर आपणही त्याच्याकडे बघा. कुणी अडवलंच तर वाद घालून परत फिरू नका, पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या, कायदा त्यासाठीच आहे. आणि जो ताट वाढतो त्याला त्याचं नाव विचारा.

दीक्षाभूमीला दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला लाखो माणसं येतात. भोवतालच्या रस्त्यांवर भोजनदानाचे मंडप लागतात. तिथं रांगेत उभ्या राहिलेल्या कुणालाही आडनाव लपवावं लागत नाही. यंदा आमचा मंडपही असेल. बँकेतल्या मित्राने तांदळाचा खर्च उचलला आहे. पावती कुणाच्या नावाने फाडायची असं आम्ही त्याला फोनवर विचारलं, तेव्हा तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "बाबाच्या नावाने फाड. पूर्ण नाव लिही."

जयभीम.